चैत्रातली फुलं, पौषातली खरेदी

दिवाळी जवळ आली की मोबाइलवर ट्यूलिप, डॅफोडिल आणि हायसिंथच्या कांद्यांच्या जाहिराती दिसू लागतात. ‘वसंतात फुलणारे कंद’ असं वर लिहिलेलं असतं, फोटो हॉलंडच्या शेतांचे असतात आणि पाकिटाची किंमतही आवाक्यातली वाटते. सिल्वासात, वापीत, तलासरीत राहणाऱ्या बागप्रेमींना माझं पहिलं सांगणं हेच आहे की ते पाकीट घेऊ नका. आपल्या हवेत वसंतात फुलणारे कंद भरपूर आहेत, देखणे आहेत, आणि एकदा जागेवर रुळले की वर्षानुवर्षं साथ देतात. फक्त ते वेगळे आहेत. त्यांच्या खरेदीची वेळ वेगळी आणि लावायची रीतही वेगळी.

ट्यूलिपचं इथे का जमत नाही ते आधी सांगतो. ट्यूलिपच्या कांद्याला फुलाचा दांडा वर काढण्याआधी साधारण 12 ते 16 आठवडे सलग थंडी लागते, तीही 9 अंश सेल्सिअसच्या आतबाहेरची. श्रीनगरला झबरवान डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या ट्यूलिप बागेत ती थंडी निसर्गच पुरवतो. दिल्लीत माघ-फाल्गुनात चौकाचौकांत दिसणारे ट्यूलिप बाहेरून मागवलेल्या, आधीच शीतगृहात ठेवलेल्या कांद्यांमधून येतात, आणि पुढच्या वर्षी पुन्हा नवे कांदे मागवावे लागतात. सिल्वासात ऐन पौषातल्या पहाटेही पारा 12 ते 15 अंशांच्या फारसा खाली जात नाही आणि दुपारी तो 30 च्या आसपास असतो. घरच्या फ्रीजमध्ये तीन महिने कांदे ठेवून कुंडीत लावले तर एखादं आखूड दांड्याचं फूल निघतंही. पण त्या कांद्याची शक्ती तिथेच संपते. रॅननक्युलस, अ‍ॅनिमोन, फ्रीझिया यांचीही गत फार वेगळी नाही. नाशिकला किंवा पुण्याला चांगली थंडी पडली तर ते फुलतात, आपल्याकडे बहुधा नाही. तरीही असं काही फुललेलं हवंच असेल तर ‘पेपरव्हाइट’ नावाच्या पांढऱ्या नार्सिससला थंडीची सक्ती नसते. नोव्हेंबरात लावलेला त्याचा कांदा एक हंगाम सुगंध देऊन जातो. त्याहून जास्त अपेक्षा त्याच्याकडून ठेवू नये.

नातेवाईक परदेशातून येताना सामानात कांदे घालून आणतात, तेही टाळा. 2003 च्या वनस्पती संगरोध आदेशानुसार बाहेरून कंद आणायला परवाना आणि त्या देशाचं रोगमुक्ततेचं प्रमाणपत्र लागतं. हा नियम कागदापुरता नाही. कांद्याच्या पापुद्र्यांत लपून आलेली बुरशी किंवा सूत्रकृमी एकदा आपल्या मातीत शिरले की पुढे काढता येत नाहीत.

आता आपल्याकडचं. पहिल्या पावसाच्या आगेमागे तलासरी, जव्हार, डहाणूच्या बाजारांत वारली बायका शेवळांच्या जुड्या घेऊन बसतात. शेवळ हे एका रानसुरणाच्या कंदाचं फूल. पान येण्याआधी उघड्या जमिनीतून ते वर येतं आणि भाजीत जातं, खाज मारायला बरोबर काकडं घालून. फूल सरलं की मग पान येतं, पावसाळाभर वाढतं आणि थंडी आली की सुकून जातं. या एका रानभाजीत आपल्या भागातल्या कंदांचं सगळं वेळापत्रक आहे: थंडीत झोप, उन्हाच्या अखेरीस फूल, पावसात पान. बागेतले आपले वसंतातले कंदही याच चालीने जातात. युरोपातले कंद थंडी-पावसात जमिनीत मुळं धरतात आणि उन्हाळ्यात झोपतात, आपले कंद कोरड्या हिवाळ्यात झोपतात. म्हणून तिकडे खरेदीचा आणि लागवडीचा हंगाम सप्टेंबर ते नोव्हेंबर असतो, आणि आपला पौष-माघ, म्हणजे डिसेंबरअखेरपासून फेब्रुवारीपर्यंत. एवढं लक्षात ठेवलं तरी निम्म्या चुका टळतात.

घ्यायचे कोणते, हे मी फुलण्याच्या क्रमाने सांगतो.

पहिला मान अमरिलिसचा. वनस्पतिशास्त्रात तिचं नाव हिप्पिएस्ट्रम. मूळची दक्षिण अमेरिकेतली, पण आता गावोगावच्या अंगणांत घरचीच झालेली. मार्चच्या मध्यापासून एप्रिलअखेरपर्यंत, म्हणजे गुढीपाडव्याच्या आगेमागे, पान नसलेल्या कांद्यातून हिरवा पोकळ दांडा सरळ वर येतो आणि टोकाला दोन ते चार मोठी फुलं उमलतात. बाजारात हिच्या दोन तऱ्हा मिळतात. एक जुनी, नारिंगी-लाल, घशात हिरवट पांढरी चांदणी असलेली. दुसरी हॉलंडहून आलेल्या मोठ्या कांद्यांची, पांढरी, गुलाबी, पट्ट्यांची, दुहेरी पाकळ्यांची. दुसरी अर्थातच जास्त देखणी आणि कितीतरी महाग. तरीही पहिल्यांदाच कंद लावणाऱ्याने जुनी नारिंगी घ्यावी असं माझं ठाम मत आहे. आपला पाऊस ती सोसते, पिल्लं भरपूर देते आणि दुर्लक्ष झालं तरी जगते. एक-दोन पावसाळे तिला नीट सांभाळता आलं की मग डच कांद्यावर पैसे घालावेत.

एप्रिल-मेमध्ये भुईचाफा. हळदीच्या कुळातला हा कंद कोकणातल्या जुन्या परसांत असायचा, आता नर्सरीत विचारून घ्यावा लागतो. वैशाखाच्या तापलेल्या, भेगाळलेल्या जमिनीतून थेट फूल बाहेर येतं, पांढरं आणि जांभळं, अतिशय मंद सुगंधाचं. एक फूल एका दिवसाचंच, पण एका गड्ड्यातून ती रोज नवी येत राहतात. पावसात येणारी त्याची चितारलेली पानं फुलांइतकीच पाहण्यासारखी असतात. त्याला उन्हाचा हट्ट नाही, आंब्याखाली किंवा घराच्या पूर्वेकडच्या सावलीत तो सुखाने राहतो. बागेत जागा एकाच कंदाला असेल तर मी भुईचाफाच लावीन.

मेच्या उत्तरार्धात, वळवाचा एखादा शिडकावा झाला की फुटबॉल लिली फुलते. काही ठिकाणी तिला ‘मे फ्लॉवर’ही म्हणतात. आफ्रिकेतला हा कंद, स्कॅडॉक्सस. शंभरावर बारीक लाल फुलांचा गोल गेंद एका दांड्यावर येतो आणि आठवडाभर टिकतो. एका कांद्याला वर्षातून एकच गेंद, म्हणून ही एकेकटी न लावता पाच-सात कांदे जवळजवळ लावावेत. तिला हलवलेलं अजिबात खपत नाही. जागा विचार करून ठरवा आणि मग चार-पाच वर्षं फावडं लावू नका.

पहिल्या सरींबरोबर रेन लिली येते. गुलाबी आधी, पांढरी श्रावण-भाद्रपदात जास्त. हरभऱ्याहून थोडे मोठे तिचे कांदे मूठभर घेऊन वाफ्याच्या कडेने लावले की झालं. हिची एक गंमत वापरून पाहा. एप्रिलमध्ये कुंडीला दोन-तीन आठवडे पाणी तोडा आणि मग एके संध्याकाळी भरपूर पाणी द्या. पाऊस आला असं समजून ती बहुतेक वेळा आठवड्याच्या आत फुलते.

राहिली स्पायडर लिली आणि सुदर्शन. स्पायडर लिलीच्या कळ्यांची शेती नवसारी-वलसाडच्या पट्ट्यात मोठ्या प्रमाणावर होते आणि त्याच कळ्या मुंबईच्या फूलबाजारात गजऱ्या-हारांसाठी नुसत्या ‘लिली’ या नावाने विकल्या जातात. या दोघांना पानांची झोप अशी नसते, ती वर्षभर हिरवी असतात. ज्या कोपऱ्यात पावसाचं पाणी दोन-दोन दिवस साचतं, जिथे दुसरा कोणताही कांदा कुजेल, तिथे ही दोन लावा.

नर्सरीत गेल्यावर ‘लिली द्या’ म्हणाल तर वरच्यांपैकी काहीही हातात पडेल, कारण तिथे सगळ्यालाच लिली म्हणतात. शक्य असेल तर मार्च-एप्रिलमध्ये एक चक्कर मारून फुललेली झाडं पाहून ठेवा, रंग डोळ्यांनी बघा, आणि कांदा मात्र पुढच्या पौषात झोपेत असतानाच उचला. फुललेली कुंडी विकत घ्यायला हरकत नाही, पण फुलं असताना ती दुसऱ्या कुंडीत बदलू नका. पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमधलं पुष्पप्रदर्शन आणि मुंबईत राणीच्या बागेतलं प्रदर्शन, दोन्ही जानेवारीअखेरच्या सुमारास भरतात. तिथल्या रोपवाटिकांच्या स्टॉलवर झोपलेले कांदे मिळतात आणि ती वेळ लागवडीला अगदी योग्य असते. नवसारीचं कृषी विद्यापीठ आपल्याला जवळ आहे. निशिगंध, लिली यांचं बेणं आणि सल्ला या दोन्हींसाठी तिथल्या फुलशेती विभागात चौकशी करावी.

सगळ्यात चांगला कांदा मात्र शेजाऱ्याकडे मिळतो. जुन्या वसाहतींत, देवळांच्या आवारात, सरकारी क्वार्टर्सच्या कुंपणाशी अमरिलिस आणि लिलीची बेटं इतकी दाट झालेली असतात की गर्दीनेच त्यांचं फुलणं थांबलेलं असतं. जानेवारीत विचारून त्यातली पिल्लं काढलीत तर त्यांच्या बेटालाही मोकळीक मिळते. असा कांदा इथल्या पावसातून पार पडलेला असतो, आणि ही खात्री कुठल्याच पाकिटावर छापून मिळत नाही. पिल्लू सुपारीएवढं असेल तर फूल यायला दोन-तीन वर्षं लागतील, तेवढा धीर धरावा.

हातात घेतलेला कांदा दाबून पाहा. तो टणक आणि आकाराच्या मानाने जड हवा. हलका लागला तर आतून वाळलेला, दबला तर कुजलेला. उलटा करून बूड बघा, कारण मुळं तिथूनच फुटतात. बुडाची चकती फुटलेली, भुगा पडणारी किंवा कुबट वासाची असेल तर तो फुकटही घेऊ नका. मानेजवळचे सुके पापुद्रे थोडे बाजूला करून आत कापसासारखा पिठ्या ढेकूण तर नाही ना ते पाहा. वरचं तपकिरी साल सुटलेलं असलं किंवा त्यावर किंचित बुरशी असली तर घाबरायचं कारण नाही, पुसली की जाते. सालावर आणि खाली गरावर लाल भडक पट्टे, खोल डाग असतील तर मात्र तो लाल करपा असू शकतो, असा कांदा बाजूला ठेवा. अमरिलिसच्या कांद्याचा आकार घेराच्या सेंटिमीटरमध्ये सांगतात. ‘26 नंबर’ म्हणजे 26 सेंटिमीटर घेर. 24 किंवा त्याहून मोठा असेल तर पहिल्याच वर्षी फुलाची आशा धरता येते, 20 च्या आतला असेल तर एखादं वर्ष नुसती पानं. ऑनलाइन मागवताना फोटोतली निळी अमरिलिस पाहून भुलू नका, निळ्या रंगाची हिप्पिएस्ट्रम बाजारात नाही. सात रंगांचे सात कांदे एका पाकिटात देणाऱ्यांकडून बहुधा एकाच रंगाचे सात येतात.

आता जागा. मला वाटतं, या सगळ्या कामात हाच भाग सर्वांत महत्त्वाचा आहे आणि सर्वांत कमी विचार त्याचाच होतो.

दादरा नगर हवेलीत वर्षाला 2000 मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, आणि त्यातला जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. सिल्वासाच्या आसपासच्या नव्या सोसायट्या आणि बंगले बरेचदा जुन्या भातखाचरांवर उभे आहेत. खाचराची माती पाणी धरून ठेवण्यासाठीच घडलेली असते, आणि भाताला जे हवं तेच कांद्याला मारक. त्यामुळे सपाट जमिनीत खड्डा करून कांदा लावायचा विचार सोडून द्या. आजूबाजूच्या जमिनीपेक्षा वीतभर, म्हणजे 20 ते 25 सेंटिमीटर उंच गादीवाफा करा. त्यात दोन भाग माती, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत आणि एक भाग जाड वाळू किंवा विटांचा भरड चुरा मिसळा. ओलं शेण घालू नका, त्याने बूड कुजतं. वाफ्याला एका बाजूला किंचित उतार द्या. खानवेल-दुधनीकडे डोंगरउतारावर तांबड्या, मुरमाड जमिनीत राहणाऱ्यांना वाळू लागणार नाही, त्यांनी शेणखत थोडं वाढवावं.

जागेची दुसरी अट पाण्याची, पावसाच्या नव्हे तर आपल्या पाइपाच्या. हिवाळ्यात आपण झेंडू, पिटुनिया, डेलिया लावतो आणि त्यांना रोज पाणी घालतो. लॉनलाही रोज फवारा असतो. त्यांच्या शेजारी अमरिलिस किंवा फुटबॉल लिली असेल तर तिची झोपच होत नाही. पानं वर्षभर हिरवीगार राहतात आणि फूल येत नाही. ‘कांदा चांगला आहे, पानं उत्तम आहेत, पण फुलत का नाही’ असं विचारणाऱ्यांच्या बागेत बहुतेक वेळा हेच कारण सापडतं. आपल्या हवेची मोठी मेहरबानी अशी की नोव्हेंबर ते मे इथे पाऊस जवळपास नसतो, म्हणजे कांद्याला लागणारी कोरडी विश्रांती आयती मिळते. हॉलंडच्या बागायतदारांना तीच विश्रांती कांदे उपटून, सुकवून, गोदामात ठेवून द्यावी लागते. आपण फक्त पाइप तिकडे न्यायचा नाही. म्हणून कंदांना वेगळा वाफा द्या: कुंपणाच्या भिंतीशी, चाफ्याच्या झाडाखाली, जिथे हिवाळ्यात पाणी घालायचं कारणच पडत नाही अशा ठिकाणी.

ऊन सकाळचं हवं. मार्चनंतर पश्चिमेच्या भिंतीवरून परतणारी धग फुलांचे दांडे वाकवते आणि पाकळ्या करपवते. जागा पश्चिमेचीच असेल तर दुपारपुरती हिरवी जाळी बांधा.

लावताना खोलीत फार लोकांची चूक होते. बटाट्यासारखा सगळाच पुरून टाकतात. अमरिलिसचा वरचा तिसरा हिस्सा आणि मान मातीच्या बाहेर राहिली पाहिजे, नाहीतर मानेत पाणी साचून तो कुजतो. सुदर्शन आणि स्पायडर लिलीची मान बाहेर, बाकी आत. फुटबॉल लिलीचं टोक मातीच्या पातळीला. रेन लिली तीन-चार सेंटिमीटर खोल, भुईचाफ्याचा गड्डा चार-पाच. अमरिलिसमध्ये वीतभर अंतर ठेवा, रेन लिली दोन बोटांवर लावली तरी चालते. कुंडी असेल तर कांद्याभोवती दोन-तीन सेंटिमीटर जागा राहील एवढीच घ्या. मोठ्या कुंडीत ओल जास्त दिवस राहते आणि कांदा फुलण्याऐवजी पिल्लं घालत बसतो. मातीची जड कुंडी उत्तम, कारण प्लास्टिकची कुंडी फुलांच्या भाराने आडवी होते. गॅलरीत राहणाऱ्यांनी खालची बशी पावसाळ्यात काढून ठेवावी आणि कुंडी दोन विटांवर उचलून ठेवावी.

लावल्यावर एकदा पाणी द्या, माती बसेल एवढं. मग थांबा. अंकुर किंवा कळीचं टोक दिसेपर्यंत पुन्हा पाणी नको, फार तर पंधरा दिवसांनी एक तांब्या. फेब्रुवारीत लावलेले कांदे मरतात ते तहानेने नाही, मायेने रोज घातलेल्या पाण्याने मरतात. मूळ नसलेल्या कांद्याला पाणी पिता येत नाही, ते त्याच्याभोवती नुसतं साचतं. दांडा बोटभर वर आला की मग नियमित पाणी सुरू करा.

फूल कोमेजलं की दांडा खालून कापा, बी धरू देऊ नका. पण पानाला हात लावू नका. इथून पुढचे चार महिने पुढच्या वर्षाची तयारी चालते. हिप्पिएस्ट्रमच्या कांद्यात साधारण दर चार पानांमागे फुलाचा एक अंकुर घडतो, आणि तो बाहेर दिसण्याच्या कित्येक महिने आधीच आत तयार झालेला असतो. म्हणजे पुढच्या चैत्रातलं फूल या आषाढ-श्रावणातल्या पानांवर अवलंबून आहे. आठ सशक्त पानं म्हणजे दोन दांड्यांची शक्यता, दोन मरतुकडी पानं म्हणजे काहीच नाही. म्हणून पावसाळ्यात ‘आता काय, फुलं संपली’ असं म्हणून कुंडी कोपऱ्यात ढकलू नका. जूनमध्ये पहिला पाऊस झाला की मूठभर गांडूळखत आणि चमचाभर लिंबोळी पेंड द्या, पुढे महिन्यातून एकदा तेच. हाडांचा चुरा लावतानाच मातीत मिसळलेला बरा. चुलीतली लाकडाची राख चिमूटभर चालते. युरिया देऊ नका, त्याने पानं लांब आणि लुसलुशीत होतात, फूल येत नाही आणि अळ्यांचं मात्र फावतं.

अळ्यांवर नजर ठेवायलाच हवी. जून ते सप्टेंबर लिलीच्या पानांवर काळ्या अंगाच्या, पांढरे-पिवळे ठिपके आणि लालसर पट्ट्यांच्या अळ्या येतात. त्या लिलीवरच्या पतंगाच्या. पानाखाली पुंजक्याने अंडी घातलेली असतात आणि दुर्लक्ष झालं तर दोन-तीन रात्रींत सगळं बेट खुंट होतं. पान गेलं की पुढच्या वर्षीचं फूलही गेलं. रोज संध्याकाळी पानं उलटून पाहा, अळ्या वेचून साबणाच्या पाण्यात टाका, पाच टक्के लिंबोळी अर्क फवारा. पाऊस उघडल्यावर फवारणी पुन्हा करावी लागते. गोगलगायींसाठीही हाताने वेचणं हाच सोपा उपाय. जंगलालगत राहणाऱ्यांना साळिंदर आणि रानडुकराचा त्रास असतो, तिथे वाफ्याच्या तळाशी आणि कडेने बारीक जाळी घालून मगच लावा.

दसऱ्यानंतर खत बंद. पाऊस संपला की पाणी हळूहळू कमी करत कार्तिकात पूर्ण तोडा. पानं आपोआप पिवळी पडून गळू द्या, हिरवी असताना कापू नका. कुंडी व्हरांड्यात कोरड्या जागी आडवी करून ठेवा, आठ ते दहा आठवडे तिच्याकडे पाहू नका. वाफ्यातले कांदे जागेवरच राहू द्या. माघात कुंडीची वरची दोन बोटं माती काढून नवी माती-शेणखत भरा आणि एकदा पाणी द्या. काही आठवड्यांत कळीचं टोक दिसायला लागतं.

निशिगंध आणि ग्लॅडिओलस यांच्याबद्दल नेहमी विचारणा होते, म्हणून थोडक्यात. निशिगंध मार्च-एप्रिलमध्ये लावावा. तीन महिन्यांनी, म्हणजे ऐन पावसात, तो फुलायला लागतो आणि पुढच्या वर्षी पाणी दिलं तर उन्हाळ्यातही दांडे देतो. सुगंध आणि हारांसाठी एकेरी जाती घ्या: बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेच्या ‘शृंगार’ आणि ‘प्रज्वल’, किंवा राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची ‘फुले रजनी’. फुलदाणीत ठेवायला दुहेरी ‘सुवासिनी’ किंवा ‘वैभव’. साचलेलं पाणी त्याला बाधतं, म्हणून गादीवाफ्याशिवाय लावू नका. ग्लॅडिओलस वेगळ्याच चालीचा आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये लावला तर दोन-तीन महिन्यांत, वसंतपंचमीच्या आगेमागे फुलतो. पण त्याचे गड्डे नंतर काढून पावसाळाभर थंड जागी ठेवावे लागतात, आणि आपल्या दमट हवेत ते घरात सहसा सडतात. दरवर्षी नवे गड्डे घ्यायची तयारी असेल तरच त्याच्या वाटेला जा.

रानातून कंद उपटून आणू नका, हे मला कळकळीने सांगायचं आहे. श्रावणात खानवेल-दुधनीच्या वाटेवर कुंपणांतून कळलावीची लाल-पिवळी फुलं डोकावतात, पहिल्या पावसानंतर माळावर रानहळद उभी राहते, आणि एखादा गड्डा घरी न्यावा असा मोह होतो. अभयारण्याच्या हद्दीत तो कायद्याने गुन्हा आहे, आणि हद्दीबाहेरही औषधी व्यापारासाठी होणाऱ्या उपशाने या कंदांची संख्या आधीच रोडावली आहे. कळलावी हवीच असेल तर तिचं बी किंवा रोपवाटिकेतला कंद घ्या. तिच्यात, विशेषतः कंदात, कोल्चिसिन हे जीवघेणं विष असतं. लहान मुलं असलेल्या घरात ती लावू नये असंच मी सांगेन.

अमरिलिस, सुदर्शन, रेन लिली, स्पायडर लिली, फुटबॉल लिली हे सगळे एकाच कुळातले आणि सगळ्यांच्या कांद्यात लायकोरीन असतं. खाल्लं तर उलट्या-जुलाब होतात. कुत्रा, मांजर, शेळी यांनाही त्याचा त्रास होतो. सुदर्शनाच्या पानाचा रस कानात घालायची जुनी सवय अनेक घरांत अजून आहे, तीही सोडावी आणि कान दुखत असेल तर डॉक्टरांना दाखवावं. वाळवलेले कांदे दिसायला थेट स्वयंपाकाच्या कांद्यासारखे असतात. ते स्वयंपाकघरात किंवा कांदे-बटाट्यांच्या टोपलीजवळ कधीही ठेवू नका. जाळीच्या पिशवीत घालून, नाव आणि रंग लिहिलेली चिठ्ठी आत टाकून, माळ्यावर किंवा गॅरेजमध्ये हवेशीर टांगा. चिठ्ठी पेन्सिलीने लिहा, शाई दमट हवेत पसरते.